पाहुण्यांची पाटी

"तुमच्याच्याने हे होणार नाही," असं कोणी म्हटलं की माझ्या डोक्यात तिडीकच जाते. त्या दिवशी म्हणणारा होता वापीहून आलेला एक मशीन विकणारा. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात गुळगुळीत पत्रकं आणि माझ्या प्रोग्रामकडे बघून आलेलं ते हसू! अजून आठवलं तरी दात-ओठ खावेसे वाटतात.

घोलवडला आमच्या शेठच्या शेडमध्ये पट्ट्यावरून चिकू सरकतात. वर कॅमेरा. माझा प्रोग्राम प्रत्येक फळाचा फोटो बघून आकार ठरवतो, डाग शोधतो आणि त्याप्रमाणे फळ आपापल्या टोपलीत ढकललं जातं. पेट्या मात्र बायका हाताने भरतात आणि त्यात माझी आई आहे. वर डोंगरात, सायवनला आमचं भात-नाचणीचं शेत. तिथलं काम आटोपलं की ती रोज सकाळी जीपने खाली उतरते. या माणसाच्या मशीनमध्ये पेट्या भरायचीही सोय होती. म्हणजे ते आलं की आई आणि तिच्या सगळ्या जोडीदारणी घरी बसणार.

अडचण खोटी नव्हती. पट्टा जोरात सोडला की माझा प्रोग्राम मागे पडायचा. त्याचा निर्णय होईपर्यंत फळ पुढे निघून जायचं आणि चांगला चिकूही शेवटच्या टोपलीत, डागाळलेल्या मालात पडायचा. शेठ घरी गुजराती, आमच्याशी मराठी. ते म्हणाले, "बेन, शुक्रवारी पट्टा पूर्ण स्पीडने चालवून दाखव. नाहीतर मी यांना हो म्हणतो." मी म्हटलं, "दाखवते." कसं, ते मलाही ठाऊक नव्हतं.

मग मी कंपायलरला कामाला लावलं. आपण लिहिलेला कोड कॉम्प्युटरला समजेल असा उतरवून देतो, तो कंपायलर. त्या बिचाऱ्याला काय माहीत, कोडमधली कुठली वाट दिवसभर तुडवली जाते आणि कुठे कुत्रंही फिरकत नाही? म्हणून आधी मोजणी करणारा प्रोग्राम बांधायचा, तो खऱ्या कामावर चालवायचा आणि ती मोजणी कंपायलरच्या हातात देऊन म्हणायचं, आता पुन्हा बांध. वापरातली वाट तो वेगवान करतो. बिनवापराची कोपऱ्यात सारतो, तिच्या वेगाची फिकीर करत नाही. कोडची एक ओळ बदलावी लागत नाही.

मोजणीसाठी मी शेठकडे चिकू मागितले. त्यांनी स्वतः उभं राहून चार क्रेट भरून दिले. ते चालवले, नव्याने बांधलं, पुन्हा त्याच फळांवर लावलं. काय पळाला प्रोग्राम! मी हवेत. बुधवारी रोजचा माल टाकला, तर पहिल्यापेक्षाही हळू. रडूच यायचं बाकी होतं.

जेवणाच्या सुट्टीत आई आली. "मोजायला कुठले घेतलेस?" मी क्रेट दाखवले. तिने दोन चिकू उलटसुलट केले आणि फिसकन हसली. "अगं, ही पाहुण्यांची पाटी आहे! एकाला तरी डाग आहे का? रोज टेम्पोने येतो तो माल असा असतो होय?"

आमच्याकडे कोणी काही मागितलं की निवडून चांगलंच देतात. चिकाने काळं पडलेलं, ओरखडलेलं फळ हातावर ठेवायची लाज वाटते. शेठनी माझा मान राखला, आणि मी बावळट, तो मान घेऊन कंपायलरकडे गेले! डाग तपासणारा कोड मोजणीत जवळजवळ चाललाच नव्हता. कंपायलरने तो कोपऱ्यात सारला. रोजच्या मालात तर तोच सगळ्यात जास्त चालतो.

गुरुवारी मी टेम्पोजवळच उभी राहिले. वाडीतून जे जसं आलं तसं, न निवडता पट्ट्यावर. दिवसभर मोजणी, मग नव्याने बांधणी.

शुक्रवारी बघते तर शेठनी पट्ट्याशी पुन्हा चकचकीत क्रेट मांडून ठेवलेले. विकणारा खुर्ची ओढून बसलेला. मी म्हटलं, "हे उचला. टेम्पोतला माल टाका."

शेठ कुजबुजले, "बेन, चारचौघांत फजिती होईल."

"होऊ दे. मशीनला रोज हाच माल खायचाय ना?"

कोणी हलेना. शेवटी आईने टेम्पोतला क्रेट उचलला आणि पट्ट्याच्या तोंडाशी उलटा केला. पट्टा पूर्ण वेगात. डागाळलेले शेवटच्या टोपलीत, चांगले आपापल्या जागी. आईने दुसरा क्रेट ओतला, तिसरा ओतला. प्रोग्राम मागे पडला नाही.

"आज नशीब जोरावर दिसतंय," तो माणूस म्हणाला.

"अजून एक टेम्पो यायचाय," मी म्हटलं. "थांबा की. जेवूनच जा."

तो थांबला नाही. शेठनी मात्र रीत सोडली नाही. पाहुणा रिकाम्या हाताने कसा जाईल? सकाळचे ते चकचकीत चिकू त्याच्यासाठी पेटीत घालायला सांगितले. पेटी माझ्या आईने भरली. हाताने.