लेहचं ऊन

थांबा, हे आत्ताच सांगते, कणकेचे हात तसेच आहेत माझे! आता टीव्हीवर बातम्यांच्या शेवटी हवामान दाखवलं, त्यात लेहचा आकडा आला आणि मला लेहवाली अक्का आठवली.

जळगावला पिंप्राळ्यात, माहेरी आमच्या शेजारी राहायची ती, मूळची सोनगीरची. मे महिन्यात, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत असताना, ही बाई ओट्यावर बसून लोकरीचा स्वेटर विणायची! बघूनच आम्हाला घाम फुटायचा. तिचा एकुलता एक सुभाष फौजेत होता, लडाखला. "अक्का, पंखा तरी लाव गं," म्हटलं की फणकारायची, "मना पोऱ्या तठे कुडकुडी ऱ्हायना नि तुले पंखा पाहिजे!" आणि मग स्वतःच उठून लावायची, त्याचं तोंड माझ्याकडे करून.

टीव्ही आमच्याकडे. बातम्यांना अक्का गव्हाचं ताट घेऊन हजर. पंतप्रधान काय बोलले, कोण जिंकलं, कश्शाकडे लक्ष नाही, आपली गहू निवडतेय. शहरांची तापमानं सुरू झाली की ताट बाजूला. लेहचं उणे आलं की पदर घट्ट ओढून घ्यायची, जणू तिथला वारा आमच्या खोलीत शिरलाय! पप्पा चिडवायचे, "अक्का, जळगावचं नाही बघायचं?" "त्याले काय बघनं? ते तर अंगले समजस."

सुभाष सुट्टीवर आला की ओट्यावर गर्दी. तो सांगायचा, तिथे ढग नावालाच, उन्हात बसलं तर नाक भाजतं आणि सावलीतले पाय गारठतात. खाऱ्या पाण्याचं निळंशार तळं आहे, तेही हिवाळ्यात दगड होतं. आम्ही आ वासून ऐकायचो. पण एकदा म्हणाला, "आमची नदी सकाळी घोट्याएवढी असते. कडक ऊन पडलं की दुपारी छातीपर्यंत येते. वरचा बर्फ वितळतो ना." अक्का हसत सुटली, "पानी पडनं नही नि पूर? कायबी सांगस! आठे तर ऊन पडनं की नदी आटस." आम्हीही हसलो. आमची गिरणा मे महिन्यात नुसती वाळू, त्यात टरबुजाचे वेल. आम्हाला काय पटणार?

त्या पावसाळ्यात एका संध्याकाळी लेहचा आकडा खूप वर गेला. अक्काने टाळीच वाजवली. "ऊन पडनं वं तठे! आज मना पोऱ्या गरम शे!" धावत घरी गेली, गूळ आणला आणि प्रत्येकाच्या हातावर एकेक खडा ठेवला. पप्पांच्यासुद्धा.

काही दिवसांनी सुभाषच्या पलटणीतला एक जण आला. मान वर करेना. "ऊन फार होतं, अक्का. सोमवारी दुपारी नदी ओलांडताना सुभाष..."

अक्काने एवढंच विचारलं, "सोमवारी?"

मी आईकडे पाहिलं, आईने पप्पांकडे. गूळ आम्ही सोमवारीच खाल्ला होता.

मग कितीतरी महिने ती आमच्याकडे आली नाही. ओट्यावरची लोकरही गेली. मला वाटलं, आता ही टीव्हीचं तोंड बघायची नाही. पण पुढच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी आली आणि आपल्या जागेवर बसली. हातात ताट नव्हतं. लेहचा आकडा आला, बराच वर होता. अक्काने पडद्यासमोर हात जोडले. "थंडं ऱ्हाऊ दे रे बाप्पा. पानी चढी."

माझ्या तोंडून निघून गेलं, "अक्का, आता कोणासाठी गं?"

"कोनी ना कोनी पोऱ्या उतरत व्हई ना वं नदीमा."

अक्का जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मी इथे धुळ्यात, सासरी. लेह कधी पाहिलं नाही, पाहीन असंही नाही. पण मघाशी तो आकडा दिसला आणि माझे कणकेचे हात आपोआप जोडले गेले. हे हसले, "कोणाला नमस्कार करतेस गं?" काय सांगू त्यांना?

तुमचंही होतं का हो असं? जे गाव कधी पाहिलंच नाही, तिथलं ऊन वाढलं म्हणून जीव खालीवर होतो? सांगा ना.