पानावर नसलेली ओळ

रविवार, १५ जून २०२५. डब्लिनच्या सँट्री भागात भरणाऱ्या मराठी वर्गात, जिला 'बदक' हा शब्द वाचता येत नाही अशा नऊ वर्षांच्या मुलीला दुसरी पायरी उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र टाळ्यांच्या गजरात देण्यात आले. वर्गशिक्षिकेने सही नाकारली होती. संयोजकांनी तिच्या जागी स्वतःची केली. हे नोंदवून ठेवणे आवश्यक आहे, कारण त्या दिवशीच्या फोटोत सगळेच आनंदी दिसतात.

फोटोत वर्गशिक्षिका संध्याताई नाहीत. पुण्यात अठरा वर्षे प्राथमिक शाळेत शिकवल्यावर नवऱ्याच्या नोकरीपाठोपाठ त्या इथे आल्या. रविवारचे दोन तास, भाड्याचा हॉल आणि दुसऱ्या पायरीची अकरा मुले, एवढेच त्यांचे शिक्षकपण उरले होते. ते त्यांनी पूर्वीच्याच शिस्तीने सांभाळले. दर आठवड्याला एक धडा घरी वाचायचा आणि 'मुलाने स्वतः वाचले' या वाक्याखाली पालकांनी सही करायची, हा नियम त्यांचाच.

पूर्वाच्या वहीत एकही सही चुकलेली नव्हती. वाचायची तीही अस्खलित. एरवी आयरिश वळणाच्या इंग्रजीत बोलणारी ही मुलगी धडा वाचू लागली की थेट सदाशिव पेठेत पोचायची. संध्याताईंना तिचा अभिमान होता. फक्त एक गोष्ट त्यांना खटकायची: प्रत्येक धड्यात दुसरा परिच्छेद सुरू होण्याआधी पूर्वा एखाद्या पोक्त माणसासारखी घसा खाकरत असे.

मे महिन्यात उलगडा झाला. त्या दिवशी वर्गात वाटलेल्या धड्याच्या झेरॉक्समध्ये पानाची शेवटची ओळ कापली गेली होती. बाकीची मुले तिथे अडखळली. पूर्वाने मात्र बोट कागदाच्या कडेपर्यंत नेले आणि तिथे नसलेली ओळ बिनचूक वाचून दाखवली.

संध्याताई चकित झाल्या. रागावण्याआधी त्यांना कुतूहलच वाटले. वर्ग सुटल्यावर त्यांनी तिला जवळ बसवले.

"हे तू कसं केलंस गं?"

"बाबा बुक वाचून रेकॉर्ड करतो," पूर्वा उत्साहाने सांगू लागली. मराठी संपले तिथे इंग्रजी आले. सँडीफोर्डच्या घरून वर्गाला येताना गाडीत ते रेकॉर्डिंग लावतात. तीन वेळा ऐकले की पाठ. पान कुठे उलटायचे ते चित्रांवरून कळते. "आय हॅव ऑल ऑफ देम, मावशी. ऑल द लेसन्स!"

"आणि मधेच खाकरतेस ते?"

"बाबा करतो ना!"

संध्याताईंना हसू आवरेना. मग त्यांनी फळ्यावर 'बदक' लिहिले. पूर्वाने तो शब्द निरखला, चित्र शोधायला आजूबाजूला पाहिले आणि मान खाली घातली. वर्षभर जे कौतुक त्यांनी केले ते एका विलक्षण स्मरणशक्तीचे होते. अक्षरे त्या मुलीला कोणी दाखवलीच नव्हती. पहिली पायरीही तिने अशीच पार केली होती.

पुढच्या रविवारी त्यांनी तिचे वडील आलोक यांना थांबवून घेतले.

"ताई, खरं सांगू? आम्ही दोघं घरी पोचतो तेव्हा सात वाजलेले असतात. मी निदान रेकॉर्ड तरी करतो. बाकीचे तेवढंही करत नाहीत."

"तुम्ही कष्ट घेता, हे मान्य आहे. पण 'स्वतः वाचले' याखाली सही तुमची आहे ना?"

"अहो, ती फॉर्मॅलिटी! शी इज ग्रँड, मजेत आहे ती. ऑगस्टमध्ये तिचे आजोबा येतायत, त्यांना सर्टिफिकेट दाखवायचंय. एकटीच मागे राहिली तर मैत्रिणींसमोर काय होईल तिचं?"

संयोजक उपेंद्र यांनी आलोकचीच री ओढली. "संध्याताई, इथल्या शाळेतही कोणाला खालच्या वर्गात बसवत नाहीत."

"नाही बसवत. पण कोणाला वाचता येत नाही ते तिथल्या बाईंना ठाऊक असतं, आणि त्या मुलाला वेगळं बसवून शिकवतात. आपण काय करतो? फोटो काढतो."

"हौसेचा वर्ग आहे हो. एवढं ताणलंत तर पोरं यायची बंद होतील."

त्यानंतर १५ जूनला जे घडले ते वर नोंदवलेच आहे.

फोटो चालू असताना पूर्वा प्रमाणपत्र घेऊन दाराशी उभ्या असलेल्या संध्याताईंकडे आली. "मावशी, तिसरीच्या बुकचं पण बाबा रेकॉर्ड करणार?"

"तिसरीत दर वेळी नवा उतारा देतात, बाळा. तिथल्या तिथे वाचायचा."

प्रमाणपत्राची तिने सुरळी केली, सोडली, पुन्हा केली. मग हळूच विचारले, "कॅन आय स्टे विथ यू? परत दुसरीत?"

हा प्रश्न तिने आपणहून विचारला होता. नऊ वर्षांच्या मुलीला जे दिसले ते दोन उच्चशिक्षित गृहस्थांना दिसले नव्हते. संध्याताईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आलोकना हाक मारली. "घरी बोलू," ते म्हणाले आणि गाडीची किल्ली शोधू लागले.

जुलैत त्यांचा मेसेज आला: 'तिसरीत घेणार असाल तरच पाठवतो. सर्टिफिकेट मिळाल्यावर खाली बसवणं बरोबर दिसत नाही.' संध्याताईंनी लगेच लिहिले: 'तिला दुसरीतच बसायचं आहे, तिनेच मला विचारलं. अक्षरओळखीसाठी मी रोज वीस मिनिटं फोनवर देईन. दिवाळीपर्यंत वाचू लागेल.' मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आले नाही. सप्टेंबरात वर्ग उघडला तेव्हा पूर्वा दुसरीत नव्हती, तिसरीतही नव्हती.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांची मुले अशा वर्गांना जातात. शिक्षकांनी मुलाला खालच्या पायरीत बसवायला सांगितले, तर संयोजकांना फोन करू नका. त्याला तिथे बसवा, आणि रोज वीस मिनिटे स्वतः त्याच्याशेजारी बसा.