राखाडी शर्टाचा हत्ती

काळेवाडीत आमच्या गल्लीतल्या बायांना शाळेचं गॅदरिंग नेमकं आदल्या दिवशी आठवतं. तहान लागल्यावर विहीर खणायची, आणि खणायला मी! "ताई, पोराला उद्या झाड व्हायचंय हो," असं म्हणत दारात उभ्या राहतात. मग फॉल-पिकोच्या साड्या बाजूला सारून मी झाड करायला बसते. डांगे चौकात भाड्याने ड्रेस मिळतात, पण त्यांतला वाघ आणि ससा मला तरी सारखेच दिसतात.

मी जुन्या कपड्यांतून सोंगं करते. भांड्यांवर कपडे घेणारी बोहारीण तिचं गाठोडं आधी माझ्यासमोर सोडते आणि बदल्यात मी तिचे ब्लाउज शिवून देते. बाकीचे कपडे शेजारपाजारचे, उसने. म्हणून माझा एकच नियम, कात्री लावायची नाही. चुण्या घालायच्या, दुमडायचं, लांब लांब कच्चे टाके घालायचे आणि कार्यक्रम झाला की उसवून ज्याचं त्याला परत. ते टाके ओढायचं काम माझ्या मुलीचं. दोरा एका दमात सरकन निघाला, कालच्या मोराची परत शेजारच्या काकूंची साडी झाली, की तिला कोण आनंद व्हायचा.

नवरा महाळुंग्याला एका कंपनीत वेल्डर होता. पॅकिंगचा टाकून दिलेला फोम तो विचारून घरी आणायचा आणि प्राण्यांचे डोळे रंगवायचा. त्याचे सगळे प्राणी थोडे घाबरलेलेच दिसायचे. मी हसले की म्हणायचा, "अगं, एवढ्या लोकांसमोर नाचायचंय, घाबरणारच ना!"

मागच्या वर्षी तो फर्स्ट शिफ्टला गेला आणि तिथेच अटॅकने गेला.

गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवू नयेत, म्हणून तेरावं झाल्यावर सासूबाईंनी स्वतःच्या हाताने त्याच्या कपड्यांचं गाठोडं बांधून देऊन टाकलं. त्या लातूरकडच्या, रीतीला पक्क्या. राहिला तो कंपनीचा एक राखाडी शर्ट. ठिणग्यांनी बाहीला भोकं पडली होती, म्हणून त्यानेच कधीतरी माझ्या जुन्या कपड्यांच्या पोत्यात टाकलेला. सासूबाईंना तो दिसला होता, मला माहीत आहे. पाहून न पाहिल्यासारखं करून त्यांनी पोतं तसंच राहू दिलं. पोत्यात हात घातला की मी तो शर्ट तेवढा पुन्हा तळाशी ढकलायचे.

यंदा मुलगी पहिलीत गेली. वडील गेल्यापासून पोर नुसती गप्प. विचारलं तर मान हलवायची, एवढंच. आणि एके दिवशी सकाळची शाळा सुटल्यावर नाचत आली. "आई, मी हत्ती! हलणारी सोंड पाहिजे!" दप्तर टाकून तिने थेट पोत्यात डोकं खुपसलं आणि तळातून तो शर्ट ओढून काढला. "याचाच कर."

"राणी, आपण नवीन कापड आणू. छान मऊ."

"नको. बाबांचाच."

मी नाही म्हणायला हवं होतं का, कोण जाणे. इतक्या महिन्यांनी ती काहीतरी मागत होती. तशीच बसले, नियमाप्रमाणे नुसत्या टाक्यांवर. पण शर्ट उंचापुऱ्या माणसाचा आणि हत्ती एवढासा. पाठीवर कापडाचं बोचकं, सोंडेत जाड गोळा, पाऊल टाकलं की पायात कापड. दोनदा पडली. भोकाड पसरलं आणि रडत रडतच आजीच्या मांडीवर दुपारची झोपून गेली.

उद्या गॅदरिंग. मी शर्ट हातात घेऊन बसून राहिले. सासूबाई नातीच्या केसांतून हात फिरवत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "काप माय."

"अहो, एवढा एकच राहिलाय."

"मला ठाव न्हाई का? काप. लेकरू हसायलं होतं गं सकाळी."

कापला. आधी बाह्या, मग पाठ, मग कॉलर. रडू येत होतं, पण थांबले नाही. थांबले असते तर पुन्हा कात्री उचलणं माझ्याच्याने झालं नसतं. डोळे मीच रंगवले. माझ्या हत्तीचे डोळे अगदी नीट आले, त्याचंही वाईट वाटलं.

हत्ती मात्र गॅदरिंगमध्ये भाव खाऊन गेला. सोंड झोकात हलली. बाहीची भोकं लांबून सोंडेवरच्या ठिपक्यांसारखी दिसत होती. स्टेजवरचं आपलं काम विसरून मुलगी दुसऱ्याच पोराला सोंडेने ढकलत होती, खदखदून हसत होती. सासूबाई पदराने डोळे पुसत टाळ्या वाजवत होत्या. मला वाटलं, शर्ट सार्थकी लागला.

घरी आल्यावर मी चहा ठेवला. ती बाहेरच्या खोलीत हत्ती मांडीवर घेऊन आपल्या कामाला बसली होती. पक्के टाके होते, तरी दातांनी, नखांनी तिने सगळे काढले. मी कप घेऊन आले तर फरशीवर राखाडी तुकडे मांडलेले. बाहीचा तुकडा खांद्याच्या तुकड्याला लावून बघत होती. इकडून लावला, तिकडून लावला, पालथा करून लावला.

"आई, हे जुळतच नाहीये. तू कर ना परत बाबांचा शर्ट."

मी खाली बसले. "नाही होत आता, राणी. कापलाय तो."

तिने तुकड्यांकडे पाहिलं, मग आजीकडे, मग माझ्याकडे.

"मग मला हत्ती व्हायचंच नव्हतं," ती म्हणाली.