भरल्या बोटीचा पंखा

आमचे मिस्त्री इंजिनाचं ऐकायचे ते दातांनी. गोंदियाच्या तांदूळ गिरणीत वीस वर्षं काढलेली, त्या धडधडाटात कान पार कामातून गेलेले. मग खिशातून बाभळीची काडी काढायची, एक टोक इंजिनावर टेकवायचं, दुसरं दातांत धरायचं आणि डोळे मिटून उभं राहायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा गृहस्थ दात घासतोय! तेवढ्यात डोळे उघडून म्हणाले, "दुसऱ्या सिलिंडरले ठसका लागला हाये, डाक्टरसाहेब." आणि खरंच लागला होता.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. अर्जुनीकडच्या एका मोठ्या तलावाकाठी सरकारी दवाखाना, आणि तिथे मी, नवाकोरा डॉक्टर, अंगात नुसती घाई. पावसाळ्यात पलीकडच्या गावांचा रस्ता बुडायचा. वल्ह्याच्या डोंग्यातून रोगी आणायला अडीच-तीन तास. साप चावलेला माणूस एवढा वेळ कुठला थांबतो? मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली तेव्हा मालगुजारांनी आपली शौकाची मोटारबोट दवाखान्याला देऊन टाकली. वेग घेतला की ती नाक वर करून पाण्यावर चढायची आणि नुसती निसटत जायची. गावं पलीकडे म्हणून ती पलीकडच्याच काठावर बांधलेली असे. पण पहिल्याच उन्हाळ्यात बुडलेल्या खुंटावर आपटून तिचा पाण्यातला पितळी पंखा फुटला. नव्या पंख्यासाठी कलकत्त्याला पत्रं धाडली, उत्तराचा पत्ता नाही. शेवटी मिस्त्रींना बोलावलं.

बहिरेपणाचा त्यांना भारी फायदा होता. नको ते ऐकूच यायचं नाही. "किती दिवस लागतील?" असं मी कानाशी ओरडून विचारलं, की म्हणायचे, "हो, जेवन झालं." आणि कामाला लागायचे. सांगायचे मात्र ठासून: "गिरणीत भुसा उडत नसन तं पंखा मोठा करा लागते. पानी काय अन् भुसा काय!" भंडाऱ्याच्या ओताऱ्याकडून त्यांनी पहिल्यापेक्षा मोठा, पात्यांना चांगला पीळ असलेला पंखा ओतून आणला. एकटे बोटीत बसले आणि तलावाला फेरी मारून आले. बोट अशी सुटली की काठावरची गुरं उधळली. गावाने टाळ्या पिटल्या, मिस्त्रींनी मिशीवरून हात फिरवला. आठ दिवस ते कुणाशी धड बोलेनात, एवढा ताठा!

धानाच्या रोवणीच्या दिवसांत सोमाला साप चावला. सोमा म्हणजे पलीकडच्या गावातल्या एका विधवेचा एकुलता एक, चोवीस-पंचवीस वर्षांचा गडी. आता आमच्याकडे रोगी एकटा कधी येत नाही. आई बसली, दोन चुलते बसले, मंत्र टाकणारा पुजारी बसला, तांदळाचं गाठोडंसुद्धा बसलं. मिस्त्री स्वतः चालवायला. इंजिन पुऱ्या जोरावर सोडलं तरी बोट वर चढेना. मागचं अंग पाण्यात रुतलेलं, इंजिन कण्हतंय. वीस मिनिटांच्या वाटेला सव्वा तास लागला. इंजेक्शन भरून मी घाटावर उभा होतो. बोट मला दिसत होती हो, नुसती दिसत होती! ती टेकली तेव्हा सोमा गेलेला होता.

मी भडकलो. लोकांवरच. "एका रोग्यामागे एकच माणूस! बाकीच्यांना उतरवायचं!" असं दवंडी पिटून सांगा म्हणालो. मिस्त्रींनी हे मात्र ऐकलं. म्हणाले, "माय आपल्या पोराले सोडून उतरन का? मानसं नाई बदलत, डाक्टरसाहेब. पंखा बदला लागते."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बोटीत धानाची पोती भरायला सुरुवात केली. रोग्याचं एक, आईचं एक, चुलत्यांची दोन, पुजाऱ्याचं एक. काडी दातांत, आणि फेऱ्यांवर फेऱ्या. आले की पंखा काढायचा, पातं कानसायचं, पीळ कमी करायचा, पुन्हा पाण्यात. दाढी वाढली, जेवणाचं भान गेलं. ओतून आणलेले आणखी दोन पंखे वाया गेले. एकदा मी विचारलं, नेमकं चुकलं कुठे? म्हणाले, "बोटीले शंकरपटातल्या शर्यतीचा छकडा समजून राहिलो मी. भरल्या बंडीच्या बैलाले लांब पाऊल टाकाले लावलं तं त्याचा दम कोंडते."

चौथा पंखा लहान निघाला, पीळही बेताचा. पोत्यांनी भरलेली बोट त्याने अलगद वर काढली. रिकामी मात्र ती आता पूर्वीसारखी पळेना, आणि गावाला तेवढंच दिसलं. "मिस्तरीनं बोटीची म्हैस केली," म्हणून लोक हसले. मालगुजारांचा पुतण्या मोठा पंखा परत लावायला माणूस घेऊन आला, तेव्हा मिस्त्री त्या पंख्यावर मांडी घालून बसले. उठलेच नाहीत.

पोळ्याच्या आधी एका बाईला मण्यार चावली. सासू, नवरा, दीर, पुजारी, सगळी वरात बोटीत. बावीस मिनिटांत घाटावर! बाई वाचली. मी आनंदाने मिस्त्रींना मिठी मारली, तर ते लाकडासारखे उभे. म्हणाले, "मंग सोमा बी वाचला असता."

तिसऱ्या दिवशी ते मला घेऊन सोमाच्या आईकडे निघाले. वाटेत मी कानाशी ओरडून सांगत होतो, "अहो, तिच्या जखमेवरची खपली कशाला काढता? देवाची मर्जी म्हणून तिने मन आवरलंय." त्यांना ऐकू आलं नाही. अंगणात उभ्याउभ्याच हात जोडून त्यांनी सांगितलं, "माय, तवा पंखा चुकीचा होता. मी रिकामी बोट पाहून लावला. माही चूक."

बाई सुपात तांदूळ निवडत होती. हात थांबले. "म्हंजे माहा सोमा जगला असता?"

ओठांवरून त्यांना कळलं असावं. "हो माय. जगला असता."

ती उठून आत गेली. आतून रडण्याचा आवाज आला, मग थांबला. बाहेर आली ती पाण्याचा तांब्या घेऊन. "पाय धुवा," म्हणाली. "सारे मले देवाचं नाव सांगून गेले. खरं सांगाले कोनी आलं नाई." आणि दोघांना भात वाढला. मिस्त्री रडत रडत जेवले.

मीही जेवलो. तो मोठा पंखा बसवला, तेव्हा रिकाम्या बोटीची ती फेरी पाहून सरकारी कागदावर 'बोट रोग्यांसाठी योग्य' असं लिहून खाली सही करणारा मी होतो. अंगणात ते सांगायला माझी जीभ रेटली नाही. आता मिस्त्री नाहीत, सोमाची आईही नाही. मिस्त्रींनी सगळी चूक एकट्याच्या अंगावर घेतली आणि मी ती घेऊ दिली.