पहिला मान भाईजानांचा

हफीजाने खेळात एकदा हरावं, एवढंच सासरच्यांचं मागणं होतं. तेवढंच तिला जमत नव्हतं.

सौदीतल्या खमीस मुशैत शहरातले सगळे कोकणी नातलग जुम्म्याच्या नमाजानंतर तिच्या जेठांकडे, कादिरभाईंकडे, जेवायला जमत. पुरुष बाहेरच्या बैठकीत, मजलिसमध्ये, बायका-पोरी आत, मधल्या दाराला पडदा. जेवणं उरकून काळा चहा फिरला की पडद्याच्या आरपार विशीचा डाव रंगे. एकाने एक, दोन किंवा तीन आकडे ओळीने म्हणायचे, तिथून पुढे दुसऱ्याने. वीस ज्याच्या तोंडी येईल तो जिंकला. हा खेळ रत्नागिरीहून हफीजानेच आणलेला. एरवी तिचा आवाज पडद्यापलीकडे जात नसे. डावात मात्र खणखणीत जाई.

कादिरभाई घरात वडील. सलाम आधी त्यांना, सुरमईची तुकडी आधी त्यांना, म्हणून डावाची सुरुवातही त्यांचीच. आणि नेमके म्हणूनच ते हरत. त्यांनी काहीही म्हटलं तरी हफीजा चारवर येऊन थांबे, मग आठवर, बारावर, सोळावर. पुढे वीस तिचेच. ही युक्ती तिने कधी लपवली नाही, घरातल्या पोरांना तर बोटांवर शिकवली होती. पण पोराटोरांकडून शिकतील तर ते कादिरभाई कसले.

गेल्या जुम्म्याला हरल्यावर त्यांनी घसा खाकरला, एकेका शब्दाला टेकू दिला आणि फर्मावलं, "पुढच्या खेपेला... असंच झालं तर... हे दार... बंद. बायकांचा... गलका होतो." हरण्याचं नाव नाही. गलका म्हणे.

तिचा नवरा राहील भावाच्याच वर्कशॉपमध्ये कामाला होता. आज गाडीत बसल्यापासून त्याने मनधरणी लावली होती. एकदाच हर, भाई खूश होईल, दार उघडं राहील, तुम्हा बायकांचंच भलं. मागच्या सीटवरून त्यांची लेक उमामा मोबाइलवरची नजर न काढता म्हणाली, "मम्मी, जस्ट लूज ना. हू केअर्स?"

"मी करते केअर," हफीजा म्हणाली. "मुद्दाम हरून उघडं ठेवलेलं दार मला नको. त्यापेक्षा लावून टाका."

सिग्नल हिरवा झालेलाही राहीलला मागच्याने हॉर्न मारल्यावर कळला.

जेवणानंतर जाऊबाई बदरुन्निसांनीही तिला कोपऱ्यात गाठून मोठ्यांच्या मानाचं पुराण नाकातून ऐकवलं. हफीजाने होकारार्थी मान हलवली आणि डाव जिंकला.

पलीकडून मग खाकरणं. "खलास. राहील, दार लाव."

राहील उठल्याचं तिला ऐकू आलं. ती पडद्याला चिकटून उभी राहिली.

"भाईजान, घर तुमचं, दार तुमचं, खुशाल लावा. पण एक डाव मी सुरू करते, तेवढा खेळा."

"सुरुवातीचा मान मोठ्याचा असतो."

"तो मानच तर हरवतोय तुम्हाला."

बदरुन्निसांनी तोंडाला पदर लावला. हे आता घरी गेल्यावर महागात पडणार, हे हफीजाला कळत होतं, तरी ती तसूभर हलली नाही. पलीकडे राहीलची पावलं दारापाशी येऊन थांबली होती.

"भाई," तो जरा घोगऱ्या आवाजात म्हणाला, "ती बरोबर बोलतेय. मी दार लावणार नाही."

 शेवटी कादिरभाईंचा आवाज आला, या खेपेला टेकूबिकू न लावता.

"म्हण तू आधी."

"एक," हफीजा म्हणाली.

पलीकडे पुटपुटत हिशेब झाला. बोटांवर असावा. "दोन, तीन, चार."

आत पोरींनी एकमेकींकडे पाहिलं. भाईजान चारवर येऊन थांबले होते. म्हणजे शिकले होते. आता ते चुकले नाहीत तर हफीजा हरणार, अगदी खरीखुरी हरणार. तिची कानशिलं गरम झाली, आणि गालावर हसूही आलं.

"पाच, सहा," तिने मोठ्याने म्हटलं. "बोला भाईजान, थांबलात का?"