मिगच्या नाकाची सुई

प्लॅस्टिक मॉडेलचा डबा उघडला की आत विमान नसतं बरं का! आत असते एक प्लॅस्टिकची चौकट आणि तिला लटकलेले ढीगभर बारीक भाग. ते एकेक कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे, तेव्हा कुठं विमान होतं. उरलेली चौकट मात्र फेकवत नाही. कधीतरी कामाला येईल म्हणून आम्ही ती पिशवीत कोंबतो, आणि पिशव्या साठत जातात. किस्स्यांचंही तसंच झालंय. विमानं झाली बोटावर मोजण्याइतकी, पण किस्से पोतंभर!

आधी माणसं सांगतो. सांगलीत माधवनगर रोडला माझा फोटो स्टुडिओ आहे. मोबाईल आल्यापासून लोक फक्त पासपोर्ट फोटोला येतात, तेही तोंड वाकडं करून. मागची खोली रिकामीच पडलेली. म्हणून दर रविवारी तिथं आमचा अड्डा भरतो.

बापू म्हणजे खंडाळ्याकडचे रिटायर्ड सुभेदार. आता लेकीकडं सांगलीत असतात. ते फक्त रणगाडे करतात. विमान त्यांच्या खिजगणतीत नाही. "वरनं भुर्रकन जानार आन् नाव कमवनार! खाली चिखलात कोन? आमीच की!"

आणि तिसरा धनाजी. शिराळ्याजवळच्या गावचा. बीएस्सी झालेला, घरचा ऊस बघतो. स्वभावानं इतका सरळ की खोटं बोलायला लावलं तर घाम फुटतो. त्याचं वेड एकच, मिग! खऱ्या मिगचा बहात्तरावा भाग, म्हणजे जेमतेम वीतभर विमान. पण त्यात पायलटच्या सीटचे पट्टेसुद्धा दिसले पाहिजेत, हा त्याचा हट्ट.

*

एकदा धनाच्या चिमट्यातून एक भाग उडाला. कॉकपिटमधला दांडा, तिळाएवढा.

"कोई हिलेगा नहीं!" बापूंनी ऑर्डर सोडली. मोबाईलचे टॉर्च लावून आम्ही तिघं गुडघ्यावर आलो. नेमका तेवढ्यात पडदा सारून एक गिऱ्हाईक आत. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, पासपोर्ट फोटोला आलेला भला माणूस.

"काय पडलं?" त्यानं विचारलं.

"हलू नका! हाय तितंच बसा!" बापू गरजले.

तो बिचारा बसला! नुसता बसला नाही, आमच्याबरोबर फरशी चाचपायला लागला. बराच वेळ गेला. शेवटी तो दांडा त्याच्याच पँटीच्या गुडघ्याला चिकटलेला सापडला. आम्ही तिघांनी असा जल्लोष केला की बाहेरून आमची बायको धावत आली.

त्यानं तो तीळ बोटावर धरून निरखला. "सोन्याचं हाय का?"

"नाही हो. प्लॅस्टिकचं. विमानाचा दांडा."

त्यानं आमच्याकडं एकेकाकडं बघितलं, गुडघे झटकले आणि म्हणाला, "फोटो मी नंतर काढतो."

अजून आलेला नाही!

*

मिगचं कॉकपिट आतून निळसर हिरवं असतं. पण तो निळसर हिरवा म्हणजे नेमका कुठला, ह्यावर धनानं दोन रविवार घालवले. ह्यात थेंबभर पांढरा, त्यात थेंबभर पिवळा. छे! जुळेचना.

मग एका रविवारी गडी उड्या मारतच आला. हातात कागदाची पुडी, पुडीत भिंतीचा टवका.

"दादा, सापडला! आमच्या सैपाकघराची भिंत! आयुष्यभर त्या रंगासमोर बसून जेवलो की ओ मी!"

खऱ्या कॉकपिटच्या फोटोशेजारी धरला, तर हुबेहूब! मला तर काटाच आला अंगावर. रशियात बसून कुणीतरी ठरवलेला रंग, आणि तो शिराळ्यात चुलीमागं! बापूसुद्धा "वा" म्हणाले, आणि विमानाला बापूंनी वा म्हणणं म्हणजे परमवीरचक्रच.

दोन दिवसांनी धनाच्या आईचा फोन. "आवं फोटोवालं दादा, तुमच्या इमानापायी माझी भिंत खरवडलीया. आता आतनं पाल डोकावतीया."

मी म्हटलं, "वहिनी, चूक झाली, भरून घेऊ."

"भराल ते भराल. पर पुढचं इमान तेवढं दाराच्या रंगाचं करू नगा!"

*

पायलटच्या डोक्यावरची काच चिकटवायची वेळ आली तेव्हा धनानं घाई केली. झटकन चिकटणारा गोंद लावला. त्या गोंदाची वाफ आत कोंडते हे माहीत असूनही लावला! पुढच्या रविवारी बघतो तर काच पांढरीफट्ट.

बायको चहा घेऊन आली आणि वाकून बघत म्हणाली, "अगंबाई, ह्याला मोतीबिंदू झाला की!"

धना तर रडायलाच आला होता. मी इंटरनेटवर शोधलं. उपाय निघाला टूथपेस्ट! काच सोडवायची आणि टूथपेस्टनं घासत बसायचं. पण ती नखाएवढी काच, घासता घासता मोडली तर? कुणी हात लावायला तयार होईना.

तेव्हा विमानाचे वैरी बापू पुढं सरसावले. "आन हिकडं. बूट चमकवण्यात जिंदगी गेलीया माझी."

दुपारभर माणूस कापसाचा बोळा घेऊन बसला होता. चहा नाही, तंबाखू नाही. संध्याकाळी त्यांनी काच उजेडाकडं धरली तर आरपार! धनानं वाकून पाय धरले.

बापू म्हणाले, "पाया नगं पडू. माझ्या रनगाड्याला चिखल लावायचाय, तवा ये."

आणि आमची बायको मला म्हणाली, "अहो, तुमच्या बापूंना एक दिवस आमच्या कपाटाच्या आरशावर सोडा की!"

*

आता सुईचं सांगतो. मिगच्या नाकासमोर एक लांब, बारीक नळी असते, वेग मोजायची. डब्यात ती प्लॅस्टिकची येते. तिच्याकडं जरा जोरात बघितलं तरी मोडते! पहिली बापूंच्या स्वेटरमध्ये अडकून गेली. दुसरी स्टुडिओतल्या मांजरानं पाडली. तिसरी धनाच्या घरी, केर काढताना आईच्या पदरानं.

मग धनाला युक्ती सापडली. इंजेक्शनची सुई! स्टीलची, पोकळ, सरळसोट. आनंदाच्या भरात तो तसाच गावातल्या मेडिकलमध्ये गेला.

"सुया द्या."

"सिरिंज किती?"

"सिरिंज नको. नुसत्या सुया."

मेडिकलवाल्यानं चष्मा खाली केला. "कुणाला रं?"

आता म्हणावं की नाही, म्हशीला म्हणून? पण खोटं बोलेल तर तो धना कसला! म्हणाला, "इमानाला."

धना घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. धना सुया टोचून घेतोय, आणि घेतल्या की इमानात बसल्यागत बोलतोय!

इथं मात्र हसू नका. धनाची तिशी उलटलेली. आमच्या भागात शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळणं किती मुश्कील झालंय हे तुम्हाला मी सांगायला नको. पोरगा निर्व्यसनी आहे, एवढं एकच नाणं त्याच्या आईकडं वाजवायला होतं. मोठ्या मिनतवारीनं दोन ठिकाणं तयार झाली होती. आठवडाभरात दोन्हीकडून नकार आला. एक म्हणाले पत्रिका जुळत नाही. आणि पत्रिका त्यांनी मागितलीच नव्हती!

आई आधी म्हणाली, इमान चुलीत घालते. मग नुसतीच रडली. शेवटी धनाला देवासमोर उभा करून शपथ घातली, लग्न ठरेपर्यंत चार माणसांत इमानाचं नाव काढायचं नाही.

धना त्या रविवारी आला आणि मिग टेबलावर ठेवलं. मग म्हणाला, "दादा, सोडतो मी सगळं. आईचं बघवत न्हाई. पर एवढं मिग तेवढं पुरं करू द्या."

मला फार वाईट वाटलं हो. एवढा गुणी पोरगा, आणि बदनामी कशापायी, तर एका सुईपायी!

*

बापूंचं रक्त उसळलं. त्यांनी ब्लेझर चढवला, त्यावर सगळी मेडलं लावली, मिग तळहातावर घेतलं आणि मला घेऊन शिराळ्याची एसटी पकडली. डब्यात घाला म्हटलं तर म्हणाले, "लपवून न्यायला चोरीचं हाय का?"

एसटीत अशी बडदास्त! प्रत्येक स्पीडब्रेकरला कंडक्टर पुढं ओरडायचा, "हळू रं गड्या, मागं इमान हाय!" आणि ड्रायव्हर खरंच हळू घ्यायचा. अख्खी गाडी श्वास रोखून. नाकाची सुई शाबूत पोचली.

धनाच्या गावात स्टँडजवळच्या हॉटेलात बाकावर उभं राहून बापूंनी लेक्चर दिलं. मिग काय असतं, कसं उडतं, वेग कसा मोजतात. शेवटी छाती पुढं काढून म्हणाले, "तर मंडळी, सुई पोराच्या दंडाला न्हाई! हितं, इमानाच्या नाकाला! आलं का ध्यानात?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं मिग अगदी जवळून बघितलं, सुई बघितली आणि हळहळत म्हणाला, "आलं की. म्हंजे आता इमानालाबी नाद लावला म्हना की!"



*

आणि मग आलं मिरजेचं स्थळ. आमच्या बायकोनंच आणलं. मुलगी वैशाली, हॉस्पिटलात स्टाफ नर्स. ड्यूटीमुळं गावाकडं यायला जमेना, म्हणून भेटायचं ठरलं रविवारी, आमच्याच स्टुडिओत.

धनाची आई सकाळीच हजर. "एकबी इमान दिसता कामा नये!" बापूंचे रणगाडे कॉटखाली गेले. मिग आदल्याच दिवशी पुरं झालं होतं, त्याला धक्का नको म्हणून मी ते धबधबा रंगवलेल्या पडद्यामागं स्टुलावर ठेवलं. तोच पडदा हो, ज्याच्यासमोर निम्म्या माधवनगरनं लग्नाचे फोटो काढलेत.

वैशाली वडिलांबरोबर आली. पोहे झाले, चहा आला. वडिलांनी पाऊस विचारला, ऊस विचारला. धना नव्या शर्टात अवघडून बसलेला. बापू मेडलं लावून अटेन्शनमध्ये.

वैशालीनं कप खाली ठेवला आणि म्हणाली, "एक विचारू? बाह्या जरा वर करता का?"

धनानं आईकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि बाह्या वर केल्या. ती उठली. त्याचा हात सरळ खिडकीच्या उजेडात धरला, कोपराच्या आतली बाजू बघितली. मग दुसरा हात. नाडी बघावी इतक्या शांतपणे.

"काही नाही," ती वडिलांना म्हणाली. मग धनाला, "ऐकलं होतं काहीबाही. म्हटलं दुसऱ्याचं ऐकण्यापेक्षा आपणच बघावं. पण मग सुया लागतात कशाला?"

धना घामानं निथळत होता. खोटं येत नाही, खरं बोलायचं तर आईची शपथ. तोंड उघडायचा, मिटायचा. बापूंनी तर डोळेच मिटून घेतले.

आणि धनाची आई उठली. ताडताड चालत धबधब्यामागं गेली आणि स्टुलासकट मिग घेऊन बाहेर आली.

"ह्याला, बाई! ह्या मुडद्याला लागत्यात सुया! ह्याच्यापायी माझी भिंत गेली, झोप गेली. पर पोरगं माझं सोन्यासारखं हाय. दिसरात बसून, बघ की, कसं केलंया त्यानं ते!"

डोळे पुसायला तिनं पदर ओढला.

टिक्!

"आई, पदर!" धना किंचाळला.

"कोई हिलेगा नहीं!" बापू गरजले. "सुई हाय! अनवानी कोन चालू नगा!"

पुढच्या क्षणी धना गुडघ्यावर, मी गुडघ्यावर, मेडलं खुळखुळवत बापू गुडघ्यावर. मुलीचे वडील पाय वर घेऊन खुर्चीत. मनात म्हटलं, संपलं! हेही स्थळ गेलं!

वर बघतो तर वैशालीची खुर्ची रिकामी. साडी सावरून ती आमच्यात बसली होती आणि पडद्याच्या काठाशी फरशीवरून हळूच हात फिरवत होती.

"ही बघा!"

तिनं सुई दोन बोटांत धरली, उजेडात फिरवून बघितली, मग स्टुलावरच्या मिगकडं बघितलं. पंखांखालून बघितलं, काचेतून आतल्या सीटचे पट्टे बघितले. बराच वेळ बघितलं. आईचा पदर तोंडात.

"बावीस नंबरची ना ही?" तिनं विचारलं.

धनानं मान हलवली.

"जाड दिसते हो नाकाला. सव्वीसची पाहिजे, बारीक," वैशाली म्हणाली. "राहू द्या, पुढच्या रविवारी येताना मी घेऊन येते."