चौथ्या मजल्यावरची तावदानं

आमच्या चौकातली ती पाच मजली इमारत अकरा वर्षं पडायची वाट बघत उभी होती. मालक गेला, वारसांचं भांडण कोर्टात गेलं, नगरपालिकेनं ‘धोकादायक’ अशी लाल पाटी ठोकली आणि विषय तिथंच थांबला. पाटी उन्हानं गुलाबी झाली, मग पांढरी. तळघरात पाणी साचलं, पाण्यात डास झाले. वारा सुटला की वरून एखादं तावदान निखळायचं आणि फूटपाथवर फुटायचं. एकदा तर शेजारच्या औषधवाल्याच्या गिऱ्हाइकाच्या चपलेपुढे वीतभरावर फुटलं. तेव्हापासून लोक समोरच्या बाजूनं जायला लागले आणि औषधवाल्याचा धंदा बसला.

इमारतीसमोर राहणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई नगरपालिकेला अर्ज लिहायच्या आणि आम्ही सह्या करायचो. साहेब बदलत राहिले, उत्तर बदललं नाही. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, म्हणे. शेवटी एका साहेबानं हेलपाट्यांना कंटाळून एवढीच परवानगी दिली, की सैल झालेल्या काचा रहिवाशांनी स्वतःच्या जबाबदारीवर उतरवून घ्याव्यात. दाराच्या साखळीची किल्ली त्यानं काचवाल्याच्या हातात दिली.

काचवाला आमच्याच गल्लीतला. वय साठीच्या पुढे, गुडघे कुरकुरणारे, बोलणं मोजकं. त्याला बोलावण्याचं कारण म्हणजे पस्तीस वर्षांपूर्वी त्या इमारतीची सगळी तावदानं त्यानं आणि त्याच्या थोरल्या भावानंच बसवली होती. दोघांचं ते पहिलं मोठं काम. पुढे एका फुटलेल्या आरशावरून दोघांत वाजलं. आरसा कोणाच्या हातून सुटला, एवढीच गोष्ट होती. थोरला अवजारांची पिशवी खांद्याला लावून गेला तो गेलाच. सत्तावीस वर्षांत पत्र नाही, निरोप नाही. आई त्याची वाट बघत गेली.

पहिल्या दिवशी सकाळी दहाला औषधवाल्यानं फूटपाथवर दोरी बांधली आणि काचवाला बादली घेऊन वर चढला. खालचे तीन मजले सरळ होते. चौकटी रिकाम्या, कडेला उरलेले तुकडे तेवढे उपटायचे. चौथ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत मात्र एक तावदान अख्खं होतं, आणि इतकं स्वच्छ, की त्याला आधी आपलाच चेहरा दिसला. खोलीत जवसाच्या तेलाचा वास होता. चौकटीच्या पुट्टीवर त्यानं नख टेकवलं तर ते आत गेलं.

काच पक्की करायची, जवसाच्या तेलात मळलेली पुट्टी महिन्याभरात दगडासारखी होते. ही फार तर कालची होती.

त्यानं मागे वळून पाहिलं. जमिनीवर बोटभर धूळ होती आणि तिच्यात दारापासून खिडकीपर्यंत फक्त त्याचीच पावलं उमटली होती. मग त्याची नजर चौकटीच्या कोपऱ्याकडे गेली. तिथं पुट्टी अंगठ्यानं दाबली होती आणि ठसा तिरपा होता, कापलेल्या नखासारखा. थोरल्याच्या उजव्या अंगठ्याचं अर्धं टोक लहानपणीच काचेनं उडवलं होतं. त्याच्या प्रत्येक कोपऱ्यावर असाच ठसा पडायचा.

काचवाला बराच वेळ त्या धुळीतच बसून राहिला. खाली आल्यावर त्यानं सांगितलं, की चौथा मजलाही झाला. उभ्या आयुष्यात तो कामाबद्दल खोटं बोलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी राहिलेलं काम आहे म्हणून तो पुन्हा वर गेला. आता तावदानं तीन झाली होती. त्यानं हाका मारल्या. पाचव्या मजल्यापर्यंत सगळ्या खोल्या, न्हाणीघरं, पाण्याची टाकीसुद्धा पाहिली. निघताना चहाचा थर्मास आणि ‘दादा, घरी ये’ अशी चिठ्ठी खिडकीपाशी ठेवली. तिसऱ्या दिवशी चिठ्ठी जागची हलली नव्हती आणि चहा नासला होता. तावदानं मात्र सात झाली होती.

एव्हाना खाली आमच्याही लक्षात यायला लागलं होतं. सकाळी नऊच्या सुमाराला बाईंच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर चौथ्या मजल्यावरून परतलेल्या उन्हाचा एक चौकोन पडायचा. एकाचे तीन झाले, मग सात. आठवड्याभरात समोरचा सगळा चौथा मजला चकाकायला लागला. वरती-खालती काळी भोकं आणि मधे ती एक ओळ, धुऊन पुसून ठेवल्यासारखी. माणसं चौकात थांबायची, वर बघायची आणि पुढे जायची. पोरं त्या बाजूला चेंडू मारेनाशी झाली.

आम्ही भडकलो. इमारत पाडायची सोडून कोणीतरी तिची डागडुजी करतंय, म्हणजे वारसांनी साहेबाला गुंडाळलं, असाच सगळ्यांचा समज झाला. औषधवाल्याच्या दुकानात बैठक भरली. साहेबही आला. किल्ली एकट्या काचवाल्याकडे, काम काचेचं, तेव्हा संशय कोणावर जाणार? साहेबानं त्याला सरळ विचारलं.

काचवाल्याच्या आधी त्याची बायकोच उभी राहिली. “यांचा गुडघा आमच्या घराच्या चार पायऱ्यांना तयार नसतो. दिवसभर हे माझ्यासमोर दुकानात असतात. एवढी तावदानं बसवली कधी?”

मग त्यानं सगळं सांगितलं. भाऊ, पुट्टी, अंगठा, धूळ. कोणी हसलं नाही. बाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पदरानं पुसला आणि तो बराच वेळ हातातच धरला.

त्याच आठवड्यात कोर्टाचा निकाल लागला. अकरा वर्षं न हललेली फाइल चार दिवसांत धावली आणि सोमवारी सकाळी आठला पाडकामाचं मशीन चौकात येऊन उभं राहिलं. आम्ही सगळे बघायला जमलो होतो. काचवाला इमारतीच्या दारात बसला होता. एकदा आत शोधा, मग खुशाल पाडा, एवढंच त्याचं म्हणणं होतं. आमच्यातलेच काही जण चिडले. अकरा वर्षं थांबलो, आता हा माणूस भुतासाठी मशीन अडवतोय, असं बोलूनही दाखवलं. साहेब मात्र म्हणाला, अर्धा तास देतो.

साखळी जागेवर होती, कुलूप शाबूत होतं. साहेब, दोन पोलीस आणि काचवाला आत शिरले. जिन्याखालची जागा रिकामी असल्याचं साहेबानं स्वतः पाहिलं. पुढेही तो ते शपथेवर सांगत असे. मजल्यामागून मजला बघत चौघे चौथ्यावर पोचले.

तिथं एकही तावदान नव्हतं. चौकटी पटाशीनं खरवडून लाकडापर्यंत साफ केल्या होत्या. सगळ्या खिडक्यांतून वारा आत येत होता आणि जमिनीवर काचेचा एक कणही नव्हता.

चौघे खाली आले. जिन्याखाली आता तावदानांची चळत उभी होती. भिंतीला तिरपी टेकवलेली, बुडाखाली लाकडी पट्ट्या, दर दोन काचांच्या मधे वर्तमानपत्राचा कागद. धंद्यातला माणूस लांब न्यायच्या काचा रचतो तशी.

एक पोलीस बाहेर पळाला. दुसऱ्यानं काचवाल्याच्या दंडाला धरलं, पण ते आधार द्यायला की घ्यायला हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. काचवाल्यानं चळत हातगाडीवर चढवली, एकट्यानं, कोणाला हात लावू न देता. ती गाडी चौकातून जाताना आम्ही बाजूला झालो. मग मशीन सुरू झालं. तीन दिवसांत इमारत जमिनीला टेकली.

त्या सोमवारी काचवाला घरी गेल्यावर बायकोनं चळतीतला एक कागद उलगडला. वर्तमानपत्र आदल्याच दिवशीचं, रविवारचं होतं. काचवाला पंधरा दिवस गावातल्या सगळ्या पेपरवाल्यांकडे, धर्मशाळांमध्ये, इस्पितळांत विचारत हिंडला. अर्ध्या अंगठ्याचा माणूस कोणीच पाहिला नव्हता. सोळाव्या दिवशी त्यानं दुकान उघडलं. ती तावदानं त्यानं विकली नाहीत.

आता त्या जागी पत्र्याचं कुंपण आहे, आत गवत माजलंय, आणि बाई गवताबद्दल अर्ज लिहितात.

मध्यंतरी त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीची काच तडकली. बसवायला काचवालाच गेला होता. काम चालू असताना बाईंनी शेवटी विचारलंच, “तो तुमचा भाऊच होता का हो?”

त्यानं हातातली पुट्टी मळत थोडा विचार केला.

“माहीत नाही, बाई,” तो म्हणाला. “काम त्याचं होतं.”